अक्काला सांग

आमचं घर ह्यूस्टनच्या शिप चॅनेलपासून चार गल्ल्या आत होतं. चॅनेल म्हणजे खाडी खणून, रुंद करून, समुद्रापासून थेट शहरापर्यंत आणलेला जहाजांचा रस्ता. दोन्ही काठांना तेलाच्या टाक्या, धक्के, रिफायनऱ्यांच्या चिमण्या, आणि त्यांच्या मधल्या फटीत उरलेल्या जागेत आमच्यासारख्यांची लाकडी घरं. ती विटांच्या खांबांवर हातभर उंच उभी होती आणि त्यांच्या खालून मांजरं फिरायची. गल्लीच्या टोकाला, झाडांच्या वरून, कधी कधी एक पांढरी इमारत हळूहळू सरकत जाताना दिसे. ती जहाजाची मागची बाजू. पाणी दिसत नसे, जहाजाचं पोट दिसत नसे. नुसती एक इमारत छपरांमधून चालत जायची. नवीन आलेल्या माणसाला ते पाहून गरगरल्यासारखं व्हायचं. धक्का सोडताना जहाज एक लांब भोंगा देई, आणि तो आमच्या फडताळातल्या कपबश्यांना कळे. मालगाडी फाटकात अर्धा अर्धा तास उभी राही आणि मग एकदम धडधडत निघे. वाससुद्धा रोज वेगळा. कधी कुजक्या अंड्यांसारखा, कधी पिकलेल्या केळ्यांसारखा गोडसर. गोड वास आला की आई धावत खिडक्या लावायची. घाण वास निदान नाकाला कळतो तरी, म्हणायची.

बाबा जहाजांवर तेल मोजायला जायचे. मुंबईत ते एका प्रयोगशाळेत केमिस्ट होते. इथे एका तपासणी कंपनीत लागले. टँकर लागला की त्यावर चढायचं, टाक्यांमध्ये पितळी वजन लावलेली टेप सोडायची, किती फूट तेल आहे ते लिहायचं, बाटल्यांमध्ये नमुने भरायचे. उन्हाळ्यात डेकचं लोखंड बुटांतून भाजे. त्यांचे कपडे आई वेगळ्या टबात, मागच्या अंगणात धुवायची, तरी त्यांना मिठी मारली की पेट्रोलसारखा वास यायचाच. आजही पंपावर गाडीत पेट्रोल भरताना मी नळी हातात धरून क्षणभर उगीच उभी राहते. माझ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती जर्सी सिटीहून फोनवर म्हणाली, "ममा, दॅट्स सो सॅड." मला ते सॅड वाटत नाही. त्या दिवसांत जे सॅड होतं ते वेगळं होतं, आणि ते मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आई मुंबईत नर्स होती. इथे मात्र पुन्हा परीक्षा देऊन लायसन्स मिळवल्याशिवाय तिला नर्स म्हणून कुणी हात लावू देत नव्हतं. म्हणून ती एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून जायची. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायची. घरी आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर जाड पुस्तकं उघडायची. एका बाजूला भाकरीचं पीठ, दुसऱ्या बाजूला हृदयाचं चित्र. पुस्तकातलं इंग्रजी तिला उत्तम यायचं. पण टेक्सासच्या माणसांचं बोलणं तिच्या कानाला कळायचं नाही. दुकानात, बँकेत, दवाखान्यात ती माझा दंड धरून उभी राहायची आणि समोरच्याचं बोलून झालं की खाली वाकून विचारायची, "काय म्हणाली?" मी सांगायचे. मग आई जे म्हणायची ते मी इंग्रजीत म्हणायचे. सात वर्षांची असल्यापासून मी आईचे कान होते आणि तोंडही. मला त्याचा गर्व होता. आणि खरं सांगायचं तर कंटाळा आला की मी दहा वाक्यांचं एक करून सांगायचे, हेही आलंच.

आईला आई-वडील नव्हते. तिला आणि तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या आनंदमामाला, वाढवलं ते थोरल्या बहिणीने. तिला सगळे अक्का म्हणत. अक्का ससून डॉकवर कोळंबी सोलायला बसायची. बर्फात ठेवलेली कोळंबी सोलून सोलून तिच्या बोटांच्या पेरांना कायमच्या चिरा पडल्या होत्या. त्या कमाईवर आई नर्सिंग शिकली. अक्काने स्वतः लग्न केलं नाही, शाळेचं तोंड पाहिलं नाही. तिची पत्रं मामी लिहून द्यायची, पण ती अक्काच्याच बोलण्यात. "यशोधरा, पोरीला दूध देतेस का. तिकडचं पाणी कसं आहे." आई ते मोठ्याने वाचायची, आणि वाचताना तिचा आवाज बदलायचा, अक्काचा व्हायचा. आम्हाला अमेरिकेत येऊन सहा वर्षं झाली होती. ग्रीन कार्डाचे कागद अडकले होते, आणि मधेच देश सोडला तर परत येता येणार नाही, असं वकिलाने बजावलं होतं. "डिसेंबरात कागद येतील," आई दर वर्षी म्हणायची. "डिसेंबरात मी अक्काकडे जाते."

मी तेरा वर्षांची असताना आनंदमामाचं पत्र आलं. तो टँकरवर कुक होता. सगळी दुनिया फिरून झाली होती, पण आमच्या चॅनेलात त्याचं जहाज कधी आलं नव्हतं. आता येणार होतं. पुढचे पंधरा दिवस आई जमिनीवर नव्हती. तिची परीक्षा त्याच आठवड्यात, गुरुवारी आणि शुक्रवारी होती, तरी तिने एका हाताने पुस्तक धरून दुसऱ्या हाताने घर घासलं. समोरच्या घरात ओरालिया नावाची मेक्सिकन बाई राहायची, नवरा गेलेली, मोठा पिकअप ट्रक चालवणारी. तिने आईला खाडीतल्या मच्छीमाराकडे नेऊन ताजी कोळंबी मिळवून दिली. आईने मसाला भाजला तेव्हा गल्लीतल्या रोजच्या वासावर पहिल्यांदा आमच्या घरच्या वासाने मात केली. वड्यांचं पीठ भिजलं. मामासाठी निळा शर्ट आणून ठेवला होता. मापाला बाबांना उभं केलं होतं.

सोमवारी दुपारी बाबांचा फोन आला. जहाज लागलं होतं, पण त्यावरच्या खलाशांना खाली उतरायची परवानगी नव्हती. कागदांत काहीतरी राहिलं होतं. जिन्याच्या तोंडाशी पहारेकरी बसवला होता. नातेवाइकांना धक्क्यावर आत सोडत नसत.

"मग मी धक्क्याच्या फाटकाबाहेर उभी राहते," आई म्हणाली.

"फाटकापासून जहाज दिसत नाही, यशोधरा. मी शिफ्ट बदलून घेतोय. मी वर जाऊन भेटतो त्याला. तू डबा भर."

आईने चार पुडांचा डबा भरला. कोळंबीचं कालवण, वडे, सोलकढी एका बाटलीत. शर्ट कागदात गुंडाळला. तिने स्वतःच्या हाताने तो डबा बाबांच्या गाडीत, पायाशी, पडू नये म्हणून दोन पुस्तकांच्या मधे ठेवला. ती परीक्षेचीच पुस्तकं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांची वाट पाहत पायरीवर बसले होते. बाबांची गाडी आली, अंगणात थांबली, इंजिन बंद झालं, आणि बाबा उतरले नाहीत. मी जवळ गेले. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. शेजारच्या सीटवर रिकामा, घासून पुसलेला डबा होता.

"बाबा, व्हॉट हॅपन्ड?"

"बस आत," ते म्हणाले. मी बसले. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. पडद्याआड आई हलत होती. "अक्का गेली, सुजाता."

"कुठे?" मी विचारलं. इतकी मी अजाण नव्हते, पण तोंडातून तेच आलं.

"मार्चमध्येच गेली. झोपेत." तेव्हा जून संपत आला होता. "कळवलं असतं तर तुझी आई कागदांची पर्वा न करता निघाली असती, आणि मग परत येता आलं नसतं. म्हणून तिकडे सगळ्यांनी ठरवलं, आनंदा समोरासमोर सांगेल. आता तो उतरू शकत नाही. रडत होता. मला म्हणाला, दाजी, तुम्ही सांगा."

मला पत्रं आठवली. एप्रिलमध्ये एक, मे महिन्यात दोन. "यशोधरा, उन्हाळा फार आहे. पोरीला सांभाळ." आईने ती अक्काच्या आवाजात वाचली होती, आणि मी जेवता जेवता ऐकली होती.

"परवा परीक्षा आहे," बाबा म्हणाले. "दोन वर्षं अभ्यास केलाय तिने. परीक्षा झाली की मी सांगतो. रविवारी सांगतो. तोपर्यंत तू काही बोलू नकोस. बोलणार नाहीस ना?"

मी मान हलवली. त्या क्षणी मला काय वाटलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. दुःख होतंच, पण त्यात एक वाईट गोष्टही होती. बाबांनी मला मोठ्या माणसासारखं वागवलं याचं मला बरं वाटलं होतं.

घरात आईने बाबांना प्रश्नांनी घेरलं. वाळलाय का? केस पिकले का? जेवला का समोर बसून? आणि मग, "अक्काचं काय म्हणाला?"

बाबा हात धुवायला वळले. "गुडघे दुखतात म्हणाला."

"दुखणारच. बर्फात बसून बसून झालंय ते," आई म्हणाली, आणि त्या दिवशी दुपारी तिने अक्कासाठी गुडघ्याला लावायचं मलम आणलं, डिसेंबरात न्यायला म्हणून.

बुधवारी दुपारी जहाज सुटणार होतं. बाबा कामावर होते. चॅनेल जिथे वळतं तिथे एक फुकट फेरीबोट होती. दहा-बारा गाड्या घेऊन या काठावरून त्या काठावर जायची. तिथून जहाजं इतकी जवळून जात की डेकवरचा माणूस ओळखता यावा. आईने माझा दंड धरून ओरालियाचं दार वाजवलं. मी इंग्रजीत सांगितलं. ओरालियाने हातातला झाडू तिथेच भिंतीला टेकवला आणि किल्ली घेतली. फाटकात मालगाडी उभी होती. काळ्या टाक्यांची न संपणारी रांग. आई डॅशबोर्डवर हात ठेवून पुढे वाकून बसली होती, जणू ढकलल्याने गाडी सरकणार होती. मी मागे बसून मनात म्हणत होते, हलू नकोस, आज हलूच नकोस. वीस मिनिटांनी ती हलली.

आम्ही फेरीवर गाडी चढवली, पलीकडे गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. पलीकडच्या काठाला फेरी थांबली असताना तिथल्या माणसाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. जहाज येत होतं. आम्ही उतरून कठड्याशी गेलो. आधी लाल, गंजलेली भिंत आली, ती कितीतरी वेळ सरकतच राहिली. मग मागची पांढरी इमारत, आणि तिच्या खालच्या डेकवर एक बुटका माणूस, पांढरा एप्रन, आत निळा शर्ट.

"आनंदा!" आईने इतक्या मोठ्याने हाक मारली की गाड्यांतली माणसं वळून पाहू लागली. "आनंदाऽ! मी इथे!"

त्याने पाहिलं. दोन्ही हात वर केले. आई हसत होती, रडत होती, पदराने डोळे पुसून पुन्हा पदरच हलवत होती. "जेवलास का रे? अक्काला सांग! अक्काला सांग, मी डिसेंबरात येतेय! ऐकतोयस ना? अक्काला सांग!"

मामाचे हात खाली आले. तो कठडा धरून नुसता उभा राहिला. जहाज आमच्या अगदी समोर होतं. आणि मग त्याला सहन झालं नसावं. त्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडला. इंजिनाचा आवाज होता, वारा होता, आईचं स्वतःचं ओरडणं चालू होतं. पण माझे कान तेरा वर्षांचे होते आणि मला माहीत होतं तो काय सांगणार ते. "ताई, अक्का नाही गं! अक्का गेली, ताई!"

आई माझ्याकडे वाकली. तिने माझा दंड धरला, दुकानात धरायची तसाच. "काय म्हणाला? सुजाता, काय म्हणाला तो?"

मी म्हटलं, "हो म्हणाला. सांगतो म्हणाला."

आईने सुस्कारा टाकला. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. तिने जहाज वळणाआड जाईपर्यंत हात हलवला. मामाने तोंड एप्रनमध्ये झाकून घेतलं होतं. "रडतोय बघ वेडा," आई म्हणाली. "एवढा मोठा झाला तरी तसाच आहे." घरी येताना, आणि पुन्हा संध्याकाळी भाकऱ्या थापताना, तिने मला तेच विचारलं. नक्की काय म्हणाला? कसं म्हणाला? प्रत्येक वेळी मी थोडी भर घातली. शेवटी शेवटी तर मामा म्हणाला होता की अक्का वाट पाहतेय.

गुरुवारी आणि शुक्रवारी आईने परीक्षा दिली. रविवारी सकाळी ती भेंडी चिरत असताना बाबांनी तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि सांगितलं. मी दाराशी उभी होते. आईने सुरी खाली ठेवली. पहिल्यांदा तिने नर्ससारखं विचारलं, कशाने, कधी, जवळ कोण होतं. मग आत जाऊन पत्रांचा डबा आणला आणि टेबलावर पत्रं लावत गेली. मार्चनंतरची तीन तिने वेगळी काढली, एकावर एक ठेवली, वरच्या पत्रावर तळहात दाबून बसून राहिली. बाबा काहीतरी बोलत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"फेरीवर आनंदा काय म्हणाला?"

मी खरं सांगितलं.

"तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"हो."

"मी तुला तीनदा विचारलं," आई म्हणाली. रागाने नाही. म्हाताऱ्या माणसाची नाडी मोजावी तसं मोजून म्हणाली. मग उठून अंघोळीला गेली, पांढरी साडी नेसून आली, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि एकटीच वंदना म्हणू लागली. सरणं गच्छामिपाशी तिचा आवाज फुटला आणि मग ती पुढचं म्हणूच शकली नाही. बाबांनी मागे बसून ते पुरं केलं. वंदनेला बसायला दुसरं मराठी माणूस त्या गल्लीत नव्हतंच. ओरालिया आली, भात आणि गोड पाव घेऊन. आईचं रडणं रस्त्यापलीकडे ऐकू गेलं असेल. काय झालं ते बाबांनी तिला दारातच सांगितलं. ती आईशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तुझी बहीण कशी होती, मला सांग." मी सवयीने पुढे झाले. आईने हात वर करून मला थांबवलं. मग शब्द शोधत शोधत, ज्या भाषेत ती कामापलीकडे कधी कुणाशी एकटी बोलली नव्हती त्या भाषेत, ओरालियाला म्हणाली, "शी पील श्रिम्प. आय बिकम नर्स."

त्यानंतर आईने माझा दंड कधी धरला नाही. दुकानात, बँकेत ती समोरच्याला म्हणायची, "स्लोली प्लीज. अगेन." लोक वैतागायचे, मागची रांग खोळंबायची. मी शेजारी उभी असायचे, मला सगळं कळत असायचं, आणि ती माझ्याकडे पाहायची नाही. तिने मला एकदाही बोल लावला नाही. माझे केस विंचरले, डबा भरला, तापात रात्रभर उशाशी बसली. पण जे काम सात वर्षांची असल्यापासून माझं होतं ते तिने काढून घेतलं, आणि ते परत कधी दिलं नाही. बाबांशीही ती महिना-दीड महिना कामापुरतंच बोलत होती. परीक्षेत ती पास झाली. निकालाचं पाकीट आलं त्या दिवशी घरात गोड केलं नाही. पुढच्या वर्षी कागद आले तेव्हा ती मुंबईला एकटीच जाऊन आली. तिथे मामाशी काय बोलणं झालं, मला माहीत नाही. मामाने मला पुढे खूप माया लावली, पण त्या दुपारचा विषय त्याने काढला नाही आणि मलाही काढवला नाही. तो आता नाही.

आम्ही चूक केली का? बाबांना हे मी त्यांच्या म्हातारपणी विचारलं होतं. ते म्हणाले, "परीक्षा तर पास झाली ना," आणि मग, "मी त्याच सकाळी गाडीतून उतरून सरळ आत जायला हवं होतं. तुला मधे घ्यायला नको होतं." मी तेव्हा स्वतः आई झाले होते. मुलांना किती गोष्टींत आपण सोयीने मधे घेतो, हे मला कळू लागलं होतं.

आईने बावीस वर्षं ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलात नोकरी केली. मी लग्न होऊन गाडीने चार तासांवरच्या प्लेनोला आले, एका ऑफिसात लागले. बाबा आजारी पडले ते वर्ष माझ्या नोकरीचं सगळ्यात कठीण वर्ष होतं. दर शनिवारी मी गाडी चालवत जायचे, रविवारी परत. एका मंगळवारी दुपारी मी ऑफिसात दुसऱ्या दिवशीच्या प्रेझेंटेशनची तयारी करत होते. त्यावर पुष्कळ काही अवलंबून होतं. आईला ते माहीत होतं. फोन वाजला.

"सुजाता, तुझे बाबा गेले," आई म्हणाली. "आत्ता, दहा मिनिटांपूर्वी. मी जवळ होते. त्रास झाला नाही."

मी खुर्चीतून उठले.

"उद्या तुझं ते प्रेझेंटेशन आहे," ती म्हणाली. "ते झाल्यावर सांगावं, असं एकदा मनात आलं. मग म्हटलं, नाही. तुझे बाबा आहेत. तुला आत्ता कळलं पाहिजे."

"निघते, आई," मी म्हटलं. तिने फोन ठेवला नाही. मी किल्ल्या शोधत होते, त्या सापडत नव्हत्या, आणि तिकडे ह्यूस्टनला ती आणि इकडे मी, दोघी एकाच वेळी रडत होतो.